पाण्याची वाट बघ

बाळा,

सामानाच्या ज्या खोक्यावर मी लाल दोरा बांधलाय, ते आधी उघड. त्यात लांब दांड्याचं वगराळं आहे. नव्या घरात बाकी सगळं हळूहळू लागलं तरी चालतं, पाणी पहिल्या दिवसापासून लागतं. आणि परवा तू फोनवर सांगितलंस त्यानं मला रात्रभर झोप आली नाही. पंचायतीचं पाणी दिवसाआड, मधल्या दिवशी बोअर, तेही कमी पडलं की टँकर, आणि हे सगळं एकाच टाकीत! शहराला चिकटलेल्या गावांत आता असंच चाललंय. इमारती सात मजल्यांच्या झाल्या, पाण्याची लाइन मात्र जुन्या गावाला पुरेल एवढीच राहिली.

33 वर्षं आरोग्यसेविका म्हणून मी वाड्यावस्त्या हिंडले. बाळंतपणं केली, लसी दिल्या, पण सगळ्यात जास्त काय केलं असेल तर पाणी तपासलं. नोकरीच्या दुसऱ्या पावसाळ्यात एका वाडीत जुलाब-उलट्यांची साथ आली. मी ब्लिचिंग पावडरीचा डबा घेऊन तडक विहिरीकडे निघाले. आमचे वयस्कर आरोग्य सहायक मागून म्हणाले, "बाई, आधी पाण्याची वाट बघा." मला वाटलं, नळाला पाणी यायची वाट बघायला सांगतायत. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. पाणी ज्या वाटेनं आजाऱ्याच्या पेल्यात आलं, ती वाट उलटी चालत जायची. पेला, हंडा, नळ, पाइप, टाकी आणि सगळ्यात शेवटी विहीर. कुठे घाण शिरली ते त्या वाटेवरच सापडतं.

तोच कानमंत्र आज तुला देतेय. पेल्यापासून सुरुवात कर.

वगराळं आणि हात

चांगलं पाणी सगळ्यात जास्त घरात बिघडतं, आणि ते आपल्या बोटांनी बिघडतं. माठात पेला बुडवला की नखांतलं सगळं पाण्यात जातं. म्हणून पेला कधी बुडवायचा नाही. वगराळ्यानं पाणी काढायचं, पेल्यात ओतायचं आणि वगराळं खुंटीला उलटं टांगायचं. ते ओट्यावर आडवं पडलं, तर त्याचा उपयोग संपला. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000 च्या सुमारास सुरू झालं, तेव्हा घरोघरी आम्ही हीच गोष्ट बघायचो, वगराळं आहे का आणि ते टांगलेलं आहे का.

तोटीचा माठ मिळाला तर फारच उत्तम. पण तोटीच्या आत शेवाळ धरतं, ती आठवड्याला काढून ब्रशनं घास. माठ जमिनीवर नको, तिवईवर ठेव. झाकण असं असावं की त्यावर कुणी पेला पालथा घालणार नाही, कारण मग झाकणाला लागलेलं सगळं पेल्याच्या काठावर येतं. रोज उरलेलं पाणी झाडांना घालून माठ विसळायचा आणि मगच नवं भरायचं. जुन्यावर नवं कधी ओतू नकोस. संडासाहून आल्यावर आणि स्वयंपाकाला लागण्याआधी साबणानं हात धुणं, हे मी तुला तीन वर्षांची असताना शिकवलंय. आता तुझ्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला तू शिकव.

गाळणं, तुरटी, उकळणं

तुला नारू आठवणार नाही. मला आठवतो. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरून पाणी भरायचे. ज्याच्या पायाला नारूची जखम असे, त्याच्याकडून किड्याची पिल्लं पाण्यात जायची आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभरानं हात-दीड हात लांबीचा किडा बाहेर यायचा. त्यावर गोळी नव्हती, लसही नव्हती. पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले आणि घरोघरी पाणी फडक्यानं गाळायला शिकवलं. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. एका फडक्यात केवढी ताकद असते ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

बांगलादेशात रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी जुन्या सुती साडीच्या घड्या करून पाणी गाळायला लावलं, तेव्हा कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. 2003 साली तो अभ्यास छापून आला. कापड जुनंच हवं, धुऊन धुऊन त्याचे धागे फुगतात आणि छिद्रं बारीक होतात. गाळून झालं की फडकं उलटं करून धुवायचं आणि उन्हात वाळवायचं. नळाच्या तोंडाला आठ-आठ दिवस बांधून ठेवलेलं कळकट फडकं म्हणजे जंतूंचं माहेरघर.

पण गाळण्यानं जंतू मरत नाहीत, तुरटीनंही मरत नाहीत. तुरटी गढूळपणा खाली बसवते, एवढंच तिचं काम. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात हे खरं, पण साथीच्या दिवसांत त्याच्या भरवशावर राहू नये. खात्रीचा उपाय एकच, उकळणं. भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे आले म्हणजे पाणी उकळलं असं नाही. खळखळून उकळी फुटली की तिथून पुढे 1 मिनिट. मग त्याच भांड्यात झाकून गार होऊ दे. उकळलेलं पाणी न धुतलेल्या पिंपात ओतलं तर गॅसही गेला आणि मेहनतही.

गॅस संपला, पाहुणे आले, तर मेडिक्लोरची, म्हणजे क्लोरीनच्या थेंबांची, बाटली घरात असू दे. किती पाण्याला किती थेंब ते बाटलीवर लिहिलेलं असतं, तेवढेच घाल. अर्धा तास थांब आणि मग पी. गढूळ पाण्यात थेंब टाकून उपयोग नाही, आधी निवळू दे, गाळ, मग थेंब.

मशीन घेण्याआधी

तुमच्या सोसायटीत मशीन विकणारा पोरगा येईल. दोन पेल्यांत विजेच्या कांड्या बुडवेल. तुझ्या नळाचं पाणी तपकिरी, काळपट होईल, त्याच्या मशीनचं तसंच राहील. घाबरू नकोस. तो रंग त्या कांड्यांमधल्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजतं. मशीनच्या पाण्यात क्षारच उरलेले नसतात म्हणून काही घडत नाही. यात जंतूंचा काही संबंध नाही.

तो टीडीएसचं यंत्रही दाखवेल. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. भारतीय मानकात 500 पर्यंत पाणी उत्तम धरलंय, दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालतं. पण टीडीएस 150 असलेल्या पाण्यात कावीळ असू शकते आणि 800 असलेलं पाणी जंतूंविना असू शकतं. क्षार 500 च्या आत असतील तर आरओची गरज नाही. आरओ जितकं पाणी देतं त्याहून जास्त बहुतेक वेळा मोरीत सोडतं आणि पाण्यातलं क्लोरीनही काढून टाकतं. म्हणून आरओचं पाणी दोन-दोन दिवस पिंपात साठवलं, तर त्याला राखणदार कुणी नसतो. साधं गाळणारं आणि अल्ट्राव्हायोलेटचं मशीन स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला पुरतं, पण वीज गेली की ते थांबतं हे लक्षात ठेव.

बोअरचं पाणी मात्र एकदा प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पिऊ नका. तुझी नणंद यवतमाळकडे आहे, तिलाही सांग. तिकडे आणि चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि वर्षानुवर्षं प्यायल्यावर हाडं आखडतात. अकोला, बुलढाणा, अमरावतीकडचा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा तर नावातच खारा आहे. फ्लोराइड, नायट्रेट उकळून जात नाहीत. उलट पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतात. नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर असलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाची दूध पावडर कधी कालवू नये, बाळ निळं पडतं.

टाकीत डोकावून बघ

घर भाड्याचं असो की मालकीचं, पहिल्या रविवारी नातजावयांना घेऊन गच्चीवर जा आणि टाकीत बघ. झाकण घट्ट आहे का? ओसंडण्याच्या पाइपाला जाळी आहे का? तळाशी किती गाळ आहे? मग खाली जाऊन जमिनीतली टाकी बघ. तिच्या शेजारी ड्रेनेजचं चेंबर असेल तर काळजी घ्यायलाच हवी, कारण ते तुंबलं की घाण भिंतीच्या भेगांतून टाकीत झिरपते. टाकीचं तोंड अंगणापेक्षा वीतभर उंच हवं, नाहीतर पहिल्या पावसाचं रस्त्यावरचं पाणी थेट आत जातं.

दर तीन महिन्यांनी टाकी रिकामी करून, घासून, ब्लिचिंग पावडरीच्या पाण्यानं धुऊन घ्या आणि धुतल्याची तारीख टाकीवरच रंगानं लिहा. तारीख डोळ्यांसमोर असली की कुणाला टाळता येत नाही. पंचायतीचं पाणी आणि बोअरचं पाणी वेगवेगळ्या टाक्यांत घ्यायचा आग्रह धर. पिण्याला एक, वापराला एक.

टँकर आला की ड्रायव्हरला विचार, कुठल्या विहिरीवर भरला? त्याचा पाइप धुळीतून ओढत आणतात, त्याचं तोंड धुतल्याशिवाय टाकीत घालू देऊ नकोस. सील नसलेले गार पाण्याचे जार मिळतात, त्यांच्या गारव्याला भुलू नकोस. गार म्हणजे शुद्ध नव्हे.

आणि पाणी साठवायचं म्हणजे डास आलेच. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. बादल्या, पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं रिकामं करून घासायचं.

पाइपात काय घडतं

आता त्या वाडीची गोष्ट पुरी करते, कारण दिवसाआड पाणी येणाऱ्या प्रत्येक घरानं ती ऐकायला हवी.

आमच्याकडे ओटीची बाटली असायची, ऑर्थोटोलिडीनची. पाण्याच्या नमुन्यात तिचे थेंब टाकले आणि रंग पिवळा झाला की समजायचं, क्लोरीन आहे. रंग आला नाही तर राखणदार गेला. तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, ते पिण्याचं नसतं. त्या दिवशी आजारी माणसांच्या घरापासून आम्ही उलटं चालत निघालो. खालच्या आळीत एकाही नळाला रंग आला नाही. वरच्या आळीत छान पिवळा आला. टाकीवर तर आणखी गडद. म्हणजे विहीर बरोबर, टाकी बरोबर, बिघाड मधे कुठेतरी. दोन्ही आळींच्या मधे गटाराला लागून व्हॉल्व्हचा खड्डा होता. तो काळ्या पाण्यानं काठोकाठ भरलेला आणि व्हॉल्व्ह त्यात बुडालेला.

पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, तेव्हा गळतीतून पाणी बाहेर येतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आत पोकळी तयार होते, आणि मग तीच भेग बाहेरचं पाणी आत ओढते. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं की ती घाण सगळ्यात आधी नळात येते. आणि क्लोरीनचं काय होतं? ते त्या घाणीशी झुंजण्यातच संपून जातं. म्हणून खालच्या आळीत रंग आला नव्हता. खड्डा उपसला, व्हॉल्व्हची गळती बंद केली, लाइन धुऊन काढली, आणि साथ थांबली. पण तोवर एक म्हातारी गेली होती. तिच्या अंगणात मी चहा प्यायले होते, आदल्याच आठवड्यात.

यातून तुला तीन गोष्टी. पाणी आलं की पहिल्या दोन बादल्या फरशीला, संडासाला वापर, पिण्याचं त्यानंतर भर. आलेलं पहिलं पाणी काचेच्या पेल्यात धरून बघ, वास घे. रोजच्यापेक्षा गढूळ, फेसाळ किंवा गटाराचा वास असलेलं असेल तर त्या दिवशी उकळल्याशिवाय घोटभरही नको. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नळाला मोटार लावू नका. शेजारी लावतात म्हणूनही लावू नका. टिल्लू पंप नळावर बसवला की तो नुसतं पाणी ओढत नाही, शेजारच्या गटारातलं पाणीही प्रत्येक भेगेतून लाइनमध्ये ओढतो. आपली टाकी भरते आणि खालच्या आळीतल्या बाईच्या हंड्यात घाण जाते.

क्लोरीनचा वास येतो म्हणून तक्रार करू नकोस. तो वास म्हणजे राखणदार जागा असल्याची खूण. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं मानक आहे. वास नको असेल तर भांडं झाकून काही तास ठेव, उडून जातो.

उगमाशी

गावाकडच्या विहिरीची जबाबदारी आता तुझ्या धाकट्या भावावर आहे, म्हणून हे त्याच्यासाठी. विहिरीत पाणी किती ते आधी काढायचं. व्यास मीटरमध्ये मोज, त्याला त्यानंच गुण, मग पाण्याच्या खोलीनं गुण आणि शेवटी 785 नं. 4 मीटर व्यास, 3 मीटर पाणी, म्हणजे 37,680 लिटर. चांगल्या ब्लिचिंग पावडरीचं प्रमाण 1000 लिटरला साधारण अडीच ग्रॅम धरतात. पावडर जुनी, पाणी गढूळ असेल तर जास्त लागतं. बादलीत कालवून चुन्याचा साका खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी विहिरीत सोडायची. तासाभरानं तपासायचं. शेवटचा शब्द चाचणीचा. पावडरीचं पोतं उघडं, ओलीत किंवा उन्हात ठेवलं की तिच्यात नुसता चुना उरतो. बोअर किंवा विहिरीपासून शोषखड्डा निदान 15 मीटर लांब हवा, आणि हातपंपाच्या ओट्याला भेग दिसली की त्याच आठवड्यात बुजवायची.

कागद आणि ग्रामसभा

तुमच्याकडे पंचायतीचा जलसुरक्षक असेल. त्याची ओळख करून घे, त्याला मान दे. पहाटे उठून गावाला पाणी सोडणारा आणि पावडर टाकणारा तोच माणूस. त्याच्याकडे क्लोरीन तपासायचं साहित्य असतं, तुझ्या नळावर एकदा तपासून दाखव म्हण. लाइनच्या अगदी शेवटच्या घरी तपासणी होते का, तेही विचार.

पंचायतीत विचार, आपल्या गावाला कार्ड कुठल्या रंगाचं? पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या उगमांची पाहणी होते. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं कार्ड मिळतं. उगमांचे नमुने वर्षातून दोनदा जंतूंसाठी आणि एकदा रसायनांसाठी तपासले जायला हवेत. त्या अहवालाची प्रत माग. तुला स्वतः नमुना द्यायचा असेल, तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आण. घरची बाटली जंतूंच्या तपासणीला चालत नाही. नळ पुसून, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू देऊन, बाटलीच्या तोंडाला बोट न लावता भर, बर्फात ठेव आणि त्याच दिवशी पोचव.

तक्रार तोंडी करू नकोस. दोन प्रती कर, एकीवर आवक शिक्का घे. गळती कुठे, किती तारखेपासून, पाणी किती वाजता आलं, रंग-वास कसा होता, हे वहीत रोज दोन ओळींत लिहून ठेव. "पाणी घाण येतं" याला उत्तर मिळत नाही, पण "अमुक खांबाजवळ व्हॉल्व्हचा खड्डा तुंबलाय" याला उत्तर द्यावं लागतं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांना जा. फ्लॅटमधली माणसं ग्रामसभेला जात नाहीत, आणि मग पाणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर शुद्ध पाण्याचा हिशेब धरलाय. तो आपल्या गावाला लागू होतो का, हे तिथंच उभं राहून विचारायचं असतं.

पोट बिघडलंच तर

जुलाब सुरू झाले की पहिल्या जुलाबापासून ओआरएस. पुडी नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल मलूल झालं किंवा शौचात रक्त आलं, तर घरचे उपाय थांबवून दवाखाना. डोळे पिवळे दिसले आणि घरात गरोदर बाई असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ शेवटच्या महिन्यांत जीवघेणी ठरते. 2012 साली इचलकरंजीत काविळीची जी साथ आली, ती याच प्रकारची होती. आणि जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी हातापायांना मुंग्या आल्या, जिना चढवेनासा झाला, तर तेही अंगावर काढू नका. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा अनेकांची सुरुवात अशीच पोटापासून झाली होती.

एकाच आळीत दोन-तीन घरांत पोटं बिघडली, तर ती बातमी त्याच दिवशी आशाताईंना सांग. एका घराचा आजार म्हणून गप्प बसलेल्या घरांतूनच साथ मोठी होते.

शेवटचं सांगते. हे सगळं करून तुझ्या स्वयंपाकघरातलं पाणी चांगलं होईल. पण तुमच्या जिन्याखाली राहणारा वॉचमन, त्याची पोरं, समोरच्या बांधकामावरच्या बाया, सगळे त्याच लाइनचं पाणी पितात आणि त्यांच्याकडे मशीन नाही. त्या वाडीतली म्हातारी खालच्या आळीत राहायची. बिघाड तिनं केला नव्हता, मधल्या खड्ड्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

म्हणून रविवारी टाकी बघून झाली की परत वर जाऊ नकोस. तुमच्या नळापासून निघ आणि लाइनच्या कडेकडेनं चालत जा, पंचायतीच्या टाकीपर्यंत. किती व्हॉल्व्ह, किती खड्डे, कुठे गटार जवळ, ते वहीत लिही. आणि संध्याकाळी मला फोन करून एकेक सांग. मी जागी असेन.

तुझी आजी